अंधारात ओळखायचं लोखंड

आयर्लंडच्या खेड्यांतली जुनी लोहारशाळा आतून अंधारी असायची. त्या अंधाराचा लोहाराला उपयोग होता. त्याच्याकडे तापमापक नव्हता, लोखंडाच्या रंगावरूनच त्याला उष्णता कळायची. मंद लाल म्हणजे साधारण ७०० अंश सेल्सिअस, नारिंगी म्हणजे ९००च्या वर, पिवळा ११००च्या आसपास. दोन तुकडे ठोकून एकजीव करायचे तर लोखंड जवळजवळ पांढरं व्हावं लागतं, १३०० अंशांच्या घरात. लख्ख उजेडात मंद लाल रंग दिसतच नाही. मग अंदाज चुकतो आणि थंड लोखंडावर घण घातला की ते तडकतं.

पण त्याचं खरं कसब मला दिसतं ते चाकाला धाव, म्हणजे चाकाभोवतीचा लोखंडी पट्टा, चढवताना. हे काम लोहारशाळेबाहेर, उघड्यावर चाले. सुताराने केलेलं लाकडी चाक जमिनीवर आडवं ठेवायचं. धाव मात्र चाकाच्या घेरापेक्षा मुद्दामच किंचित आखूड केलेली. ती पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या इंधनाच्या जाळात तापवायची. चाकाचा व्यास सव्वा मीटरच्या आत-बाहेर धरला, तर घेर होतो चार मीटरांच्या आसपास. ५०० अंशांनी तापल्यावर त्या घेरात दोन सेंटिमीटरांहून जास्त वाढ होते. तेवढ्या फटीत सगळा खेळ! दोघं-तिघं सांडशीने धाव उचलून चाकावर बसवतात, लाकूड पेट घेतं, धूर उठतो, आणि लगेच बादल्यांनी पाणी ओततात. आक्रसणारं लोखंड पाटे, म्हणजे चाकाच्या कडेचे लाकडी तुकडे, एकमेकांवर दाबतं, आरे मधल्या तुंब्यात करकरत घट्ट रुततात. एकही खिळा न मारता चाक आवळलं जातं. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाची धावही अशीच चढते.

असा माणूस गावाला जादूगार वाटला तर नवल नाही. संत पॅट्रिकच्या नावाने म्हटल्या जाणाऱ्या जुन्या आयरिश प्रार्थनेत स्त्रिया, लोहार आणि ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहित) यांच्या मंत्रांपासून रक्षण मागितलं आहे. लाल लोखंड ज्या पाण्यात बुडवायचं, त्या पाण्याने चामखीळ जाते असंही लोक मानत. १९३७ ते १९३९ मध्ये आयरिश शाळकरी मुलांनी घरच्या थोरांकडून ऐकून हा उपाय लिहून ठेवला आहे. तोवर तिथल्या शेतांत ट्रॅक्टर यायला लागले होते, आणि पुढे रबरी टायरवाल्या चाकाला धाव लागेनाशी झाली.