कहवाखाना आणि चहा (इराण)

कहवाखाना (फारसी उच्चार ‘कहवेखाने’) हे इराणमधील चहा पिण्याचे, हुक्का ओढण्याचे, काम शोधण्याचे आणि कथा ऐकण्याचे सार्वजनिक ठिकाण होय. फारसीत ‘कहवे’ म्हणजे कॉफी. तरीही गेली दीडशे वर्षे कहवाखान्यात मिळतो तो चहाच. नाव एका पेयाचे आणि विक्री दुसऱ्या पेयाची, हा प्रकार इराणच्या आर्थिक इतिहासातून घडला आहे. परदेशातून येणारी दोन जिन्नसे, चहा आणि साखर, एकोणिसाव्या शतकात इराणी घराघरांत पोहोचली, आणि त्यांच्यामागोमाग जगाचा बाजार, आयातकर आणि राजकारणही त्या घरांत शिरले. राजे, लढाया आणि तह यांच्या इतिहासात न दिसणारा सामान्य इराणी माणूस या दोन जिन्नसांच्या हिशेबात स्पष्ट दिसतो.

पहिले कहवाखाने सफवी राजघराण्याच्या काळातले. पहिल्या शाह अब्बासच्या कारकिर्दीत (1588–1629) इस्फहानच्या नक्शे-जहान चौकाच्या परिसरात, बाजाराच्या तोंडाशी, कॉफीची दुकाने भरभराटीला आली आणि कवी, दरबारी, व्यापारी व सैनिक तेथे एकत्र बसू लागले. 1637 मध्ये इस्फहानला आलेला जर्मन प्रवासी आडाम ओलेआरियस याने शहरात तीन प्रकारची पेयगृहे वेगवेगळी नोंदवली आहेत: दारूची, कॉफीची आणि खिताई, म्हणजे चिनी, चहाची. मध्य आशियातून उझबेक व्यापाऱ्यांनी आणलेला हा चहा पीत लोक बुद्धिबळ खेळत, असे तो सांगतो. म्हणजे चहा इराणला तेव्हाही ठाऊक होता, मात्र तो दुरून येणारा, महाग आणि थोड्यांच्या आवाक्यातला होता. 1722 मध्ये अफगाणांनी इस्फहान जिंकले आणि त्यानंतरची काही दशके यादवीत गेली. शहरे ओस पडली, व्यापारी मार्ग असुरक्षित झाले आणि सफवी शहरांतली ती कॉफीची संस्कृतीही विस्कटली.

काजार राजवटीत (1796–1925) देश सावरला तेव्हा कॉफीची जागा हळूहळू चहाने घेतली. 1830 नंतर युरोपीय व्यापाऱ्यांचा चहा काळ्या समुद्रावरील त्राब्झोन बंदरातून तब्रीझला येऊ लागला. रशियाकडून कॅस्पियन समुद्राच्या वाटेने चहा आला आणि त्याबरोबर समोवर, म्हणजे चहासाठी पाणी उकळत ठेवण्याचे तोटीचे धातूचे भांडे, हेही आले. दक्षिणेकडे मुंबईहून निघालेल्या चहाच्या पेट्या बूशहर आणि बंदर अब्बास येथे उतरत आणि उंटांच्या काफिल्यांवरून शिराझ, यझ्द व किरमानकडे जात. खुरासान आणि त्यापलीकडील बुखारा येथे ज्याला मागणी होती तो चिनी हिरवा चहादेखील बराच काळ मुंबईमार्गेच जात असे. सुधारणावादी वजीर अमीर कबीर (वजिरी 1848–51) याने इस्फहानच्या एका कारागिराला समोवर बनवण्यासाठी सरकारी मदत दिली आणि वजिराचा पाडाव होताच नव्या अधिकाऱ्यांनी ती रक्कम त्या गरीब कारागिराकडून वसूल करून त्याला धुळीस मिळवले, अशी कथा इराणमध्ये आजही सांगतात. पुढे मात्र बुरूजिर्द हे शहर जर्मन सिल्व्हरच्या, म्हणजे तेथील भाषेत ‘वरशो’च्या, समोवरांसाठी नावाजले. मुळातली रशियन वस्तू दोन पिढ्यांत इराणी घराची ओळख झाली आणि मुलीच्या रुखवतातही तिला मानाचे स्थान मिळाले.

इराणी चहा करण्याची रीत येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण अर्थकारणाचा धागा तिच्यातूनच जातो. किटलीत चहाची पत्ती घालून ती समोवरच्या डोक्यावर ठेवतात आणि वाफेवर तिला ‘दम’ देतात. मग हा घट्ट अर्क लहान काचेच्या पेल्यात थोडासा ओतून वरून समोवरच्या तोटीचे उकळते पाणी घालतात. कोणाला ‘पुररंग’, म्हणजे गडद, तर कोणाला ‘कमरंग’, म्हणजे फिका, चहा आवडतो. त्या पेल्याला ‘इस्तिकान’ म्हणतात आणि हा शब्दही रशियनमधून आलेला आहे. दूध घालत नाहीत. साखरही बहुधा चहात विरघळवत नाहीत; साखरेचा कठीण खडा दातांत किंवा जिभेवर धरून त्यावरून चहाचा घोट घेतात. या पद्धतीला ‘कंदपहलू’ असे म्हणतात. ‘कंद’ म्हणजे घट्ट साखर. हा शब्द संस्कृत ‘खंड’ वरून फारसीत गेला आणि ‘गुलकंद’ या शब्दातून आपल्याकडे परत आला, तर आपली ‘खांड’ त्याच मुळापासून इथेच राहिली. साखर शंकूच्या आकाराच्या मोठ्या ढेपांत येई. त्या ढेपेला ‘कल्ले-कंद’ म्हणत आणि ती छोट्या कुऱ्हाडीने फोडून चिमट्यासारख्या ‘कंदशिकन’ने खडे पाडणे हे घरातले नित्याचे काम होते. विवाहप्रसंगी वधूवरांच्या डोक्यावर कापड धरून त्यावर साखरेच्या दोन ढेपा एकमेकींवर घासण्याची प्रथा आजही पाळली जाते. कारखान्यात शुद्ध झालेली, बहुतांशी परदेशातून येणारी ही वस्तू लग्नविधीत इतकी खोलवर रुजावी, यावरून तिचा प्रसार किती वेगाने आणि किती खालच्या थरापर्यंत झाला होता हे कळते.

विसाव्या शतकाच्या आरंभी इराणच्या आयातीत सुती कापडाखालोखाल साखर आणि चहा यांचे स्थान होते. उत्तरेत रशियाची बीट साखर सरकारी उत्तेजनामुळे स्वस्तात येत होती आणि तिने फ्रान्सच्या मार्सेय बंदरातून येणाऱ्या साखरेला मागे सारले. या मालाचे मोल कशातून चुकवायचे, हा खरा प्रश्न होता. इराणचे जुने निर्यातधन म्हणजे गीलान प्रांतातले रेशीम. परंतु 1864 च्या सुमारास रेशीमकिड्यांवर पेब्रिन हा रोग आला आणि काही वर्षांतच उत्पादन कोसळले. मग यझ्द, इस्फहान आणि फार्स येथील शेतांत अफू वाढली आणि गालिचे विणण्याचा धंदा परदेशी मागणीवर फोफावला. धान्याच्या जमिनीत अफू आली की दुष्काळात लोक अधिक उघडे पडत. 1870–72 च्या भीषण दुष्काळाची चर्चा करताना अवर्षणाबरोबर या पीकबदलाचाही उल्लेख अनेक अभ्यासक करतात. खेड्यातल्या माणसाच्या हातातला गोड घोट आणि त्याच्या शेतातले बदललेले पीक यांचा संबंध त्याला स्वतःला दिसत होता की नाही हे गौण आहे. हिशेबाच्या वह्यांत तो उघड दिसतो.

आयातकराची कहाणीही याच घोटाशी जोडलेली आहे. 1828 च्या तुर्कमानचाय तहाने रशियन मालावर फक्त पाच टक्के जकात ठरली आणि पुढे ती सवलत इतर युरोपीय राष्ट्रांनीही मिळवली. 1898 पासून इराणची जकात बेल्जियन अधिकाऱ्यांकडे, त्यांत प्रमुख जोसेफ नोस याच्याकडे, सोपवण्यात आली. 1903 मध्ये अमलात आलेल्या नव्या दरपत्रकाने चहावरचा कर भरमसाट वाढवला आणि त्याची झळ ब्रिटिश हिंदुस्थानातून येणाऱ्या चहाला बसली, तर रशियन मालाला ते दर सोयीचे ठरले. कर व्यापाऱ्याकडून घेतला जाई, पण भरला जाई तो इस्तिकानातून.

या असंतोषाचा स्फोट साखरेवरून झाला. 1904–05 च्या रशिया-जपान युद्धामुळे रशियन साखरेची आवक घटली आणि तेहरानमध्ये भाव चढले. डिसेंबर 1905 मध्ये तेहरानचा सुभेदार अलाउद्दौला याने भाव उतरवण्याचा हुकूम न मानल्याबद्दल साखरेच्या व्यापाऱ्यांना पकडून त्यांच्या तळपायांवर फटके मारवले. त्यांत बाजारात मोठा मान असलेला एक वयोवृद्ध व्यापारीही होता. तेहरानचा बाजार बंद झाला आणि मौलवी व व्यापारी शहराबाहेरील शाह अब्दुल अझीमच्या दर्ग्यात आश्रयाला जाऊन बसले. 1906 च्या उन्हाळ्यात तर बाजारातल्या संघांचे हजारो लोक ब्रिटिश वकिलातीच्या आवारात ठाण मांडून बसले आणि प्रत्येक धंद्याने आपापला तंबू ठोकला. ऑगस्टमध्ये शाहाने प्रतिनिधीसभेला मान्यता दिली आणि डिसेंबरच्या अखेरीस संविधानावर सही झाली. घटनात्मक क्रांतीची कारणे अर्थातच खोल आणि अनेक होती, तरी तिची ठिणगी वाण्याच्या दुकानात पडली ही गोष्ट दुय्यम मानता येत नाही. याआधी 1891–92 मध्ये तंबाखूच्या मक्तेदारीविरुद्ध असेच घडले होते. ज्येष्ठ शिया धर्मगुरू मिर्झा हसन शिराझी यांच्या नावाने निघालेल्या फतव्यानंतर लोकांनी हुक्का टाकला, कहवाखान्यांतले ‘कलियान’, म्हणजे हुक्के, थंडावले, शाहाच्या जनानखान्यातही ते कोणी भरेना, आणि अखेर इंग्रजाला दिलेला मक्ता रद्द करावा लागला.

कहवाखान्याचे आतले जग पुरुषांचे होते. भिंतीलगत ओटे, त्यांवर जाजम, मध्ये पाण्याचा छोटा हौद, कोपऱ्यात मोठा समोवर आणि दुपारी मातीच्या छोट्या मडक्यांत शिजणारे ‘दीझी’ हे मांसाचे कालवण, अशी साधारण मांडणी असे. मोठ्या शहरांत प्रत्येक धंद्याचा आपला ठरलेला कहवाखाना असे. गवंडी, रंगारी, सुतार सकाळी तेथे येऊन बसत, आणि ज्याला मजूर हवा असेल तो तेथेच येऊन मजुरी ठरवी. निरक्षर माणसाला पत्र वाचून मिळे, गावची बातमी कळे, उसनवारी होई. संध्याकाळी ‘नक्काल’ हा कथेकरी हातातली काठी आपटत फिरदौसीच्या शाहनामा या महाकाव्यातील रुस्तुम-सोहराब या बापलेकांची कथा रंगवी आणि सोहराबच्या मृत्यूच्या दिवशी गर्दी उसळे. आपल्याकडच्या कीर्तनकाराप्रमाणे तोही आख्यान ऐन भरात आल्यावर थांबून पैसे गोळा करी. या कथांवर आधारलेल्या भव्य तैलचित्रांची ‘कहवाखाना शैली’ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहरली आणि हुसेन कुल्लर-आकासी व मोहम्मद मुदब्बिर हे तिचे दोन श्रेष्ठ चित्रकार होत. औपचारिक शिक्षण नसलेल्या या चित्रकारांना कहवाखान्याचे मालकच काम देत. 1940 मध्ये तेहरान रेडिओ सुरू झाला, पुढे दूरचित्रवाणी आली आणि नक्कालाचा आवाज मागे पडला. 2011 मध्ये युनेस्कोने नक्काली ही तातडीने जतन करण्याजोगी परंपरा म्हणून नोंदवली. स्त्रियांचा चहा मात्र घरात चाले. रौझेखानी, म्हणजे करबलाच्या शोककथेच्या घरगुती बैठका, लग्नाची बोलणी आणि शेजारणींची ये-जा ही सारी समोवरभोवतीच होत असे, आणि तो चहा कोणी, कोणाला, कोणत्या क्रमाने दिला याला अर्थ असे.

आयातीवरचा हा खर्च पाहून देशातच चहा पिकवण्याचे प्रयत्न झाले आणि त्यांत यश आले ते काशिफुस्सल्तना या पदवीने ओळखल्या जाणाऱ्या काजार राजपुत्र मोहम्मद मिर्झा याला. हिंदुस्थानात इराणचा कॉन्सल असताना त्याने कांगडा भागात चहाच्या लागवडीचा अभ्यास केला आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुमारे 3000 रोपे घेऊन तो मायदेशी परतला. त्याने गीलानमधले लाहीजान निवडले, आणि ही निवड योग्य होती: कॅस्पियनकाठचा हा भाग पावसाचा, दमट, आणि आम्लधर्मी मातीच्या टेकड्यांचा आहे. शिवाय रेशीम बुडाल्यामुळे तेथील शेतकऱ्याला नव्या पिकाची गरज होती. भात सखल भागात राहिला आणि चहा उतारांवर गेला. काशिफुस्सल्तना पुढे तेहरानच्या नगरपालिकेचा पहिला प्रमुख झाला, 1929 मध्ये बूशहरजवळ मोटार अपघातात मरण पावला, आणि लाहीजानच्या चहाच्या टेकडीवर त्याचे दफन झाले. त्याच्या समाधीच्या वास्तूत आज चहाचे संग्रहालय आहे.

काजारांनंतर गादीवर आलेल्या रझा शाहाच्या राज्यनिर्मितीतही चहाचा वाटा आहे. 1925 मध्ये मजलिसने, म्हणजे इराणच्या संसदेने, साखर आणि चहा यांची सरकारी मक्तेदारी निर्माण करणारा कायदा केला आणि त्यातून येणारा पैसा रेल्वेसाठी राखून ठेवला. कॅस्पियन समुद्रापासून पर्शियन आखातापर्यंतचा 1394 किलोमीटरचा लोहमार्ग 1927 ते 1938 या काळात परकीय कर्ज न काढता बांधला गेला, याचा इराणी लोकांना सार्थ अभिमान वाटतो. मात्र त्या अभिमानाची किंमत कोणी मोजली हेही सांगितले पाहिजे. जमीनदार आणि हमाल दोघेही चहा पीत असल्याने हा कर दोघांवर सारखाच बसला, आणि हमालाच्या मजुरीत त्याचे ओझे कितीतरी जड होते. ज्या गावांजवळून ती आगगाडी कधी गेली नाही, तेथील लोकांनीही तिच्यासाठी रोज पैसे भरले. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्याने देश व्यापला तेव्हा साखर व चहा शिधापत्रिकेवर गेले, आणि 1980–88 च्या इराकविरुद्धच्या युद्धात साखरेसाठी पुन्हा कुपनांच्या रांगा लागल्या.

यझ्द आणि किरमानच्या परिसरातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई-पुण्यात आलेल्या इराणी मंडळींचा येथे उल्लेख करणे उचित होईल. त्यांतले बहुसंख्य जरथुष्ट्री होते. मुंबईच्या पारशांनी 1854 मध्ये पाठवलेले मानेकजी लिमजी हातारिया यांच्या दीर्घ प्रयत्नांनी 1882 मध्ये त्यांच्यावरचा जिझिया रद्द झाला, तरी गरिबी आणि जाच यांमुळे स्थलांतर चालूच राहिले. काही शिया मुसलमान कुटुंबेही याच वाटेने आली. त्यांनी नाक्यानाक्यांवर काढलेले ‘इराण्याचे हॉटेल’ मराठी शहरी जीवनाचा भाग झाले. परंतु तेथला दुधाळ, गोड चहा आणि बनमस्का यांचा यझ्दच्या इस्तिकानाशी संबंध नाही. तो मुंबईत, मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी घडला. धंद्याची रीत मात्र ओळखीची राहिली: एका कपावर हवा तितका वेळ बसावे, वर्तमानपत्र वाचावे, कोणी उठवत नाही.

गीलानमधला चहा देशाची गरज भागवत नाही, म्हणून इराण आजही भारत आणि श्रीलंकेकडून मोठ्या प्रमाणावर चहा घेतो, आणि इराणवरील आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे हा व्यवहार कधीकधी मालाच्या बदल्यात माल या जुन्या रूपात होतो. डिसेंबर 2021 मध्ये श्रीलंकेने इराणच्या तेलाचे 25.1 कोटी डॉलरचे देणे दरमहा 50 लाख डॉलरचा चहा पाठवून फेडण्याचा करार केला. दरम्यान तेहरानमध्ये कॉफीही परतली आहे. 1990 नंतर तरुण मुलेमुली जेथे एकत्र बसू लागली अशा जागांना ‘कॉफीशॉप’ किंवा ‘काफे’ म्हणतात; ‘कहवेखाने’ हा मूळ कॉफीचा शब्द त्यांना वापरता आला नाही, कारण फारसी बोलणाऱ्याच्या कानाला त्यातून आता समोवर आणि चहाच सुचतो.