रणभूमीवरील धातुशोध (मराठवाडा)

रणभूमीवरील धातुशोध : जुन्या लढायांच्या जागी जमिनीत राहून गेलेल्या बंदुकीच्या गोळ्या, तोफगोळ्यांचे तुकडे, गणवेशाची बटणे, पट्ट्यांची बक्कले, घोड्यांचे नाल अशा सैनिकांच्या वापरातील धातूच्या वस्तू मेटल डिटेक्टरच्या साहाय्याने हुडकण्याची पद्धत. पुरातत्त्वज्ञ तिचा उपयोग सर्वेक्षणाचे साधन म्हणून करतात; युरोप व अमेरिकेत ती छंद म्हणूनही रुजली आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील अनेक महत्त्वाच्या लढाया ज्या भूमीवर झाल्या, त्या मराठवाड्याच्या दृष्टीने या पद्धतीचे महत्त्व मोठे आहे आणि तिच्या अनिर्बंध वापराचा धोकाही तेवढाच मोठा आहे.

मेटल डिटेक्टर विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्राने धातूत विद्युतप्रवाह निर्माण होण्याच्या तत्त्वावर चालतो. धातू शोधण्यासाठी या तत्त्वाचा उपयोग प्रथम १८८१ मध्ये गाजला. अमेरिकेचे जखमी राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळीचा ठाव लावण्याचा प्रयत्न अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी प्रवर्तनावर चालणाऱ्या उपकरणाने केला होता. तो यशस्वी झाला नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी यूझेफ कोसात्स्की यांनी हातात धरून चालवता येईल असे सुरुंगशोधक यंत्र तयार केले आणि १९४२ मध्ये इजिप्तमधील एल अलामीनच्या लढाईत त्याचा वापर झाला. सैनिकाचा जीव वाचवण्यासाठी घडलेले हे साधन युद्धानंतर नागरिकांच्या हाती आले.

यंत्राच्या तळाशी तारेचे वेटोळे असते. त्यातून वाहणाऱ्या प्रत्यावर्ती (सतत दिशा बदलणाऱ्या) प्रवाहामुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीतील धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाह (भोवरा-प्रवाह) उत्पन्न करते आणि त्या प्रवाहांचे उलट येणारे क्षेत्र यंत्र टिपून आवाज देते. लोखंड, शिसे आणि तांबे यांचे संकेत निरनिराळे असल्याने सरावलेला माणूस खोदण्यापूर्वीच धातूचा अंदाज बांधू शकतो. मराठवाड्यात मात्र हे काम सोपे नाही. येथील काळी जमीन बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली असून तिच्यात चुंबकीय लोहखनिजांचे कण असतात, त्यामुळे जमीनच यंत्राला सतत खोटे संकेत देते आणि यंत्र त्या त्या रानाच्या मातीशी पुनःपुन्हा जुळवून घ्यावे लागते. शिवाय ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. वरची वस्तू भेगेतून खाली जाते, तर नांगरटीने खालची वस्तू वर येते. म्हणून येथे वस्तू किती खोल मिळाली यावरून तिचे वय ठरवता येत नाही. ती शिवारात नेमकी कोठे मिळाली, हीच विश्वासाने नोंदवण्याजोगी गोष्ट उरते.

हे ‘कोठे’ किती बोलके असते, ते अमेरिकेतील लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर दिसून आले. अमेरिकी घोडदळ आणि तेथील मूळ निवासी यांच्यात १८७६ मध्ये झालेल्या या लढाईची जागा १९८३ च्या वणव्यात गवत जळून उघडी पडली आणि १९८४-८५ मध्ये तेथे मेटल डिटेक्टरने पद्धतशीर सर्वेक्षण झाले. प्रत्येक वस्तूच्या जागी निशाण रोवून तिचे स्थान नकाशावर घेतले गेले. काडतुसांच्या रिकाम्या नळकांड्यांवर बंदुकीच्या फायरिंग पिनने (काडतुसावर आघात करणाऱ्या टोकाने) उमटलेल्या खुणा जुळवून एकच बंदूक लढाईत कोठून कोठे गेली, याचा मागही काढता आला. मूळ निवासी योद्ध्यांनी सांगितलेल्या आणि दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या हकिकतींतील बऱ्याच गोष्टींना या पुराव्याने दुजोरा मिळाला.

मराठवाड्यात या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे जालना जिल्ह्यातील असई. भोकरदन आणि जाफराबाद यांच्या परिसरात, केळणा व जुई या नद्यांच्या दुआबात २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या सैन्याशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने लढाई दिली. समोरासमोर असलेल्या दोन गावांवरून त्यांच्यामध्ये नदीला उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून त्याने केळणा ओलांडली. शिंद्यांच्या कवायती पलटणींनी पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली शिस्तीने आपली आघाडी फिरवून त्याला तोंड दिले. मराठ्यांच्या तोफखान्याच्या माऱ्यात असई गावाकडे भरकटलेल्या ७४ व्या हायलँडर पलटणीची दाणादाण उडाली. अखेर मराठ्यांचा पराभव झाला, त्यांच्या सुमारे शंभर तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. परंतु इंग्रजांकडील मृत, जखमी व बेपत्ता यांची संख्याही दीड हजारांवर गेली.

या लढाईविषयी जे लिखित साहित्य उपलब्ध आहे, ते बहुतांशी विजयी बाजूचे आहे : वेलस्लीचे खलिते, इंग्रज अधिकाऱ्यांची पत्रे आणि त्यांनी काढलेले नकाशे. शिंद्यांच्या पलटणींत लढलेल्या शिपायाची स्वतःची साक्ष त्यांत जवळजवळ नाही. त्याचा तोफखाना कोठे उभा होता, आघाडी फिरवताना तो किती सरकला, माघार घेताना कोणत्या वाटेने गेला, याचा पुरावा असलाच तर तो असईच्या रानात पसरलेल्या शिशात आणि लोखंडात आहे. गोळीच्या अंगावर साच्याची शिवण शाबूत असेल तर ती बहुधा न झाडलेली, म्हणजे हातातून किंवा पिशवीतून पडलेली असते. चपटी झालेली गोळी ज्या ठिकाणी सापडते, तेथे ती आदळलेली असते. पहिलीवरून शिपाई कोठे उभा होता ते कळते आणि दुसरीवरून त्याने नेम कोठे धरला होता ते कळते. इंग्रजी पलटणींच्या बटणांवर पलटणीचा क्रमांक असे, त्यामुळे एका बटणावरूनही तुकडीची जागा ताडता येते. मराठ्यांकडील लोखंडी नळीचे बाण (दारूने उडणारे अग्निबाण) आणि निरनिराळ्या मापांच्या गोळ्या यांनाही असेच स्थान आहे. छंद म्हणून यंत्र फिरवणारे बहुतेक जण लोखंडाचा संकेत वगळण्याची सोय चालू ठेवतात. तसे केल्यास नेमका हाच भाग हातचा जातो. नोंद न करता गोळ्या उचलून नेणे म्हणजे एकुलत्या एक पोथीची पाने सुटी करून वाटून टाकण्यासारखे आहे.

इतर लढायांच्या जागी असा पुरावा किती मिळेल, हे त्या लढायांच्या स्वरूपावर अवलंबून राहील. वैजापूरजवळच्या पालखेड येथे १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला पाणी आणि रसद तोडून कोंडीत पकडले. मोठी हातघाई न झाल्याने तेथे युद्धसाहित्य विरळच असणार. १७६० च्या उदगीरच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंच्या फौजेने चालत्या निजामी सैन्याला औशाच्या दिशेने झुंजवत नेले, म्हणून तिच्या खुणा एका मैदानात न शोधता सैन्याच्या वाटेवर शोधाव्या लागतील. मराठे व निजाम यांच्यातील राक्षसभुवनची लढाई १० ऑगस्ट १७६३ रोजी, ऐन पावसाळ्यात गोदाकाठी झाली. नदीच्या गाळाने तेथील जमिनीची पातळी बदलली असण्याची शक्यता ध्यानात घ्यावी लागेल.

कायद्याच्या दृष्टीने धातुशोध हा मोकळा छंद नाही. दौलताबादसारख्या संरक्षित स्थळी परवानगीशिवाय उत्खनन करणे १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियमाने गुन्हा ठरते. खासगी शेतातही शेतमालकाची संमती पुरेशी ठरत नाही. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ प्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. न कळवणाऱ्यास कैदेची शिक्षा होऊ शकते. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावशेष ठरते, तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. असईची साधी शिशाची गोळीही या व्याख्येत बसते.

या प्रदेशात मेटल डिटेक्टरचा सर्वांत घातक वापर गुप्तधनाच्या लोभाने होतो. किल्ले, गढ्या आणि पडकी देवळे यांच्या आसपास रात्री चोरून होणाऱ्या खोदकामात सैनिकांच्या वस्तू निरुपयोगी म्हणून फेकल्या जातात आणि बांधकामाचे थर उद्ध्वस्त होतात. शेतकऱ्याला नांगरताना अशी वस्तू मिळाली, तर ती घासून चकचकीत करू नये, कारण शिशावरचा पांढरट थर तिचे रक्षण करतो. गट क्रमांक, जवळचा बांध किंवा विहीर यांपासूनचे अंतर आणि तारीख लिहून ठेवावी, जागेवरच छायाचित्र घ्यावे आणि तलाठ्यामार्फत अथवा थेट जिल्हाधिकारी कार्यालयास कळवावे.

अलीकडच्या काळातील लढायांच्या जागी वेगळी खबरदारी लागते. हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या कारवाईत १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेनेने नळदुर्ग घेतले. त्या दिवशी तेथे धारातीर्थी पडलेले शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. या काळातील काडतुसे, हातबॉम्ब आणि तोफगोळे जमिनीत दशकानुदशके राहूनही स्फोटक असू शकतात. गंजलेला बॉम्ब नव्या बॉम्बपेक्षा सुरक्षित असतो ही समजूत चुकीची असून, त्याच्या स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेचे भाग झिजलेले असल्याने तो अधिक बेभरवशाचा होतो. अशी वस्तू दिसल्यास तिला हात न लावता खोदणे थांबवावे, जागेवर दुरून दिसेल अशी खूण करावी, माणसे व जनावरे दूर न्यावीत आणि पोलिसांना कळवावे. ती निकामी करण्याचे काम बॉम्बशोधक व नाशक पथकाचे आहे.