राजाचा रस्ता आणि लाव्हाची चुकलेली जन्मतारीख

हवाईमधल्या माउई बेटाच्या दक्षिणेला, मकेनाच्या पुढे डांबरी रस्ता संपतो आणि तिथून एक वाट सुरू होते. डावीकडे हालेआकाला ज्वालामुखीचा उतार, उजवीकडे पॅसिफिक, आणि मधे नुसता काळा, फुटका, खडबडीत दगड, नजर जाईल तिथपर्यंत. नकाशावर नाव होआपिली ट्रेल, पण बरेच जण किंग्ज हायवेच म्हणतात, म्हणजे राजाचा रस्ता. अमेरिकेतले आपले लोक माउईला गेले की हालेआकालावरचा सूर्योदय बघतात, हानाचा वळणावळणाचा रस्ता करतात, व्हेल बघतात आणि परततात, ही वाट फार कमी जणांच्या लिस्टमध्ये असते आणि त्यात त्यांचं काही चुकतंय असंही नाही, कारण सावली नाही, पाणी नाही आणि पायाखालचा दगड हलतो. पण दगडांची थोडी जरी आवड असेल तर इथे अर्धा दिवस काढाच, कारण इथल्या लाव्हाचं वय किती हा दिसायला साधा प्रश्न आधी दोनदा चुकीचा सुटला आणि खरं उत्तर शेवटी कोळशात सापडलं.

आधी राजाचं बघू. राजा एक नाही, या रस्त्यात दोन काळ एकावर एक बसलेत. पहिला काळ पिइलानीचा. हा माउईचा मोठा राजा, वंशावळीच्या पिढ्या मोजून त्याला साधारण पंधराव्या-सोळाव्या शतकात बसवतात. त्याने बेटाभोवती फिरणारा रस्ता सुरू केला आणि त्याचा मुलगा किहा-पिइलानीने तो पूर्ण केला असं परंपरा सांगते. लांबी जवळपास २२० किलोमीटर, आणि सगळ्या हवाई बेटांत पूर्ण बेटाला वळसा घालणारा जुना रस्ता हा एकच. माणसांची रांग लावून दगड हातोहात पुढे दिले असं म्हणतात. चाक नव्हतं, ओझ्याचं जनावर नव्हतं, लोखंड नव्हतं, म्हणजे जे काही झालं ते हातांनी.

दुसरा काळ होआपिलीचा. १८२० आणि ३० च्या दशकांत हा माउईचा गव्हर्नर होता, कामेहामेहा पहिला या राजाचा अगदी विश्वासू माणूस, इतका की राजा १८१९ मध्ये वारल्यावर त्याच्या अस्थी गुपचूप लपवायचं काम होआपिलीकडे आणि त्याच्या भावाकडे होतं आणि ती जागा आजही कोणाला ठाऊक नाही. याने पिइलानीचा जुना रस्ता दुरुस्त करून घेतला, आणि काम केलं ते कैद्यांनी, म्हणजे मिशनरी आल्यावर जे नवे कायदे झाले ते मोडणाऱ्यांनी. आपण आज चालतो ती वाट मुख्यतः या दुरुस्तीनंतरची.

दोन्ही काळांतला फरक पायाला कळतो. हवाईतल्या जुन्या वाटा एका माणसापुरत्या, किनाऱ्याच्या वळणाने जाणाऱ्या, आणि जिथे लाव्हा फार बोचरा तिथे समुद्राने घासून गुळगुळीत केलेले गोटे आणून एकेका पावलाच्या अंतरावर बसवलेले, कारण लोक अनवाणी चालत किंवा पानांच्या विणलेल्या चपला घालून. रात्री वाट दिसावी म्हणून कडेला पांढरं प्रवाळ ठेवायचे, चांदण्यात ते चमकतं, काय डोकं आहे बघा. मग १८०३ मध्ये एका अमेरिकन जहाजातून पहिले घोडे आले आणि रस्त्याचं गणितच बदललं. घोड्याचा खूर गुळगुळीत गोट्यावरून घसरतो, म्हणून गोटे गेले. घोड्याला वळणं नकोत, म्हणून रस्ता सरळ झाला. रुंदी वाढली, दोन्ही कडांना दगडांची ओळ लागली, खड्डे दगडाने भरून काढले. होआपिली ट्रेलवर जो सरळसोट, कडांना दगड लावलेला पट्टा लांबवर जाताना दिसतो तो घोड्यांच्या जमान्यातला. रस्त्याकडे बघून त्यावरून कोण चालायचं हे ओळखता येतं, आणि पुरातत्त्ववाले हवाईतल्या वाटांचा काळ बऱ्याच वेळा असाच ठरवतात.

आता पायाखालच्या दगडाकडे येऊ. लाव्हाचे दोन प्रकार जगभरच्या भूगर्भशास्त्रात हवाईयन नावांनीच ओळखले जातात. पाहोएहोए म्हणजे गुळगुळीत, वळ्या पडलेला, दोरखंडासारखी साय धरलेला. आणि आआ म्हणजे कडक, धारदार, सुटे तुकडे तुकडे. गंमत अशी की दोन्हीचं रासायनिक मिश्रण अगदी एकच असू शकतं. बेसाल्टचा लाव्हा साधारण ११०० ते १२०० डिग्रीला बाहेर येतो, तो पातळ असतो तोवर वरची कातडी ताणली जाते पण फाटत नाही. मग तो थंड होत जातो, त्यातून वायू निघून जातात, बारीक स्फटिक तयार होतात, लाव्हा घट्ट होतो, आणि अशा घट्ट लाव्हाला उतारावर जोरात ओढलं की कातडी टराटरा फाटते आणि तिचे तुकडे प्रवाहाच्या पाठीवरून पुढे वाहत जातात. साखरेचा पाक ढवळत राहिलं की एका क्षणी त्याची साखर होते, तसंच समजा. आणि पाकासारखंच, एकदा आआ झालेला लाव्हा वाहता वाहता परत पाहोएहोए होत नाही, उलट मात्र नेहमी होतं. म्हणून ज्वालामुखीच्या तोंडाजवळ गुळगुळीत आणि खाली किनाऱ्यावर बोचरा असं बऱ्याच प्रवाहांचं असतं. होआपिली ट्रेलवर मिळतो तो मुख्यतः आआ. तोल गेला आणि हात टेकला तर तळहात सोलवटलाच म्हणून समजा.

आता त्या जन्मतारखेकडे. ट्रेलच्या सुरुवातीला जो उपसागर आहे त्याला हवाईयन नाव केओनेओइओ, पण नकाशांवर ला पेरूज बे. फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूज ३० मे १७८६ ला इथे उतरला, माउईवर पाय ठेवणारा पहिला युरोपियन. (दोन वर्षांनी त्याची दोन्ही जहाजं पॅसिफिकमध्ये गायब झाली, पण तो वेगळा विषय.) तिथे पोचायच्या आधी गाडीचा रस्ता ज्या काळ्या लाव्हाच्या मैदानातून जातो, ते केप किनाऊ, हालेआकालाच्या नैऋत्य उतारावरच्या कालुआ ओ लापा नावाच्या शंकूतून निघालेलं. आता हा लाव्हा कधीचा?

पहिला अंदाज लोकांच्या आठवणीवरून बांधला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या एका गुराख्याने सांगितलं की माझ्या सासऱ्याच्या आजोबांनी हा उद्रेक बघितला, तेव्हा ते दोन नारळ उचलून समुद्रापासून वरच्या रस्त्यापर्यंत नेता येतील एवढे मोठे होते. आता दोन नारळ घेऊन तो चढ चढायला पोरगा सात-आठ वर्षांचा तरी हवा, मग पिढीमागे वर्षं धरली, उलटं मोजलं, आणि उत्तर आलं साधारण १७५०. मला हे मोजमाप मनापासून आवडतं. चूक निघालं, पण त्यात डोकं आहे.

दुसरा अंदाज नकाशांवरून. ला पेरूजच्या १७८६ च्या नकाशात इथे मोठा उथळ उपसागर दिसतो, आणि इंग्रज कॅप्टन व्हँकूव्हरच्या १७९३ च्या नकाशात त्याच जागी जमिनीचं टोक समुद्रात घुसलेलं. म्हणजे मधल्या सात वर्षांत लाव्हा येऊन समुद्रात जमीन तयार झाली, हिशोब पक्का, साल १७९०! ही तारीख इतकी चिकटली की पुस्तकात, गाईडच्या तोंडी, सगळीकडे तीच. आता विचार करा, ला पेरूज किनाऱ्यावर होता काही तासच. चालत्या जहाजावरून लांबून काढलेला किनारा, त्यात काळा लाव्हा काळ्या उतारासमोर. अशा नकाशात एखादं टोक दिसलं नाही तर ते टोक तिथे नव्हतंच असं म्हणायला माझं तरी मन झालं नसतं, पण सोयीची तारीख मिळाली की कोणी फार खोदत नाही.

मग यूएसजीएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या शास्त्रज्ञांनी रेडिओकार्बन लावलं. लाव्हात स्वतःचं कार्बन नसतं, म्हणून लाव्हाचं वय या पद्धतीने थेट काढता येत नाही. पण लाव्हा झाडाझुडपांवरून जातो. उघड्यावरची झाडं जळून राख होतात, ती काही कामाची नाहीत. मात्र लाव्हाखाली गाडली गेलेली मुळं आणि काटक्या हवा न मिळाल्यामुळे पूर्ण जळत नाहीत, त्यांचा कोळसा होतो, आपल्याकडे भट्टीत लाकूड मातीने झाकून कोळसा पाडतात त्याच तत्त्वाने. त्या कोळशातलं कार्बन-१४ झाड मेल्यापासून कमी कमी होत जातं, ५७३० वर्षांत निम्मं. ते मोजलं की झाड कधी मेलं ते कळतं, आणि झाड मेलं तोच लाव्हा येण्याचा दिवस. हा कोळसा शोधायला प्रवाहाच्या कडेला जावं लागतं जिथे थर पातळ आहे, खाली खणावं लागतं, आणि बारीक मुळांचा मिळाला तर उत्तम, कारण मोठ्या झाडाच्या गाभ्याचं लाकूड स्वतःच शंभर-दोनशे वर्षं जुनं असू शकतं.

उत्तर आलं १४८० ते १६०० च्या दरम्यान. म्हणजे सर्वमान्य तारीख दोनशे-तीनशे वर्षांनी चुकलेली. ला पेरूज आला तेव्हा तो लाव्हा तिथे कधीचाच होता, आणि त्याच्या नकाशात फक्त तो आला नव्हता. हालेआकालाच्या तरुण प्रवाहांसाठी आणखी एक पद्धत वापरली गेली, तीही भारी आहे. लाव्हा थंड होताना त्यातले लोहखनिजाचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडून ठेवतात आणि ती दिशा शतकाशतकाला थोडी सरकते, म्हणून दगडातली दिशा मोजून तो कोणत्या काळात बसतो हे पडताळता येतं.

आणि इथे मला राहवत नाही. १४८० ते १६०० म्हणजे साधारण पिइलानी आणि त्याच्या मुलाचाच काळ. वंशावळीची तारीख ढोबळ आहे, त्यामुळे फार ताणायला नको, पण शक्यता अशी की जी माणसं हातोहात दगड देऊन रस्ता करत होती त्यांनी, किंवा त्यांच्या आजोबांनी, किंवा नातवांनी, हा डोंगर पेटलेला बघितलाय. हालेआकाला गेल्या हजार वर्षांत किमान दहा वेळा फुटलाय, त्यामुळे त्याला निवांत झोपलेला समजणं बरोबर नाही.

मग चारशे-पाचशे वर्षांचा लाव्हा कालपरवाचा का वाटतो? पाऊस नाही म्हणून. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे हाना बाजूला ढग रिकामे करतात, ३०५५ मीटरचा हालेआकाला मधे उभा, आणि ही नैऋत्य बाजू पर्जन्यछायेत. आपल्याला हे समजावून सांगायला नकोच, महाबळेश्वर आणि वाई जवळजवळ असून पावसात किती फरक आहे ते माहितीय. हाना बाजूचा तेवढ्याच वयाचा लाव्हा हिरवाईखाली दडून जातो, इथला मात्र कोरडा, धारदार राहतो. दगडाचा रंग बघून वय ठरवायचं म्हणजे फसायचं. सह्याद्रीतला बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यावर भरपूर पाऊस पडून कोकणात जागोजागी त्याचा जांभा झाला. तो काळही रेडिओकार्बनने सांगता येणार नाही, कारण ५० हजार वर्षांच्या पलीकडे मोजण्याएवढं कार्बन-१४ उरतच नाही, तिथे दगडात साठलेला आर्गॉन वायू मोजून वय काढायच्या पद्धती लागतात. आणि हवाई जसं हॉटस्पॉटवर, म्हणजे पृथ्वीच्या आतून सतत जास्त उष्णता वर येते अशा जागेवर, तयार झालं तसाच दख्खनचा लाव्हा रियुनियन बेटाच्या हॉटस्पॉटशी जोडतात. म्हणजे नातं तसं लांबचं नाही.

एक प्रश्न उरतोच, पाणी नसताना लोक राहायचे कसे, कारण वाटेत जुन्या घरांचे चौथरे दिसतात. उत्तर जमिनीखाली. फुटक्या लाव्हात पडलेलं पाणी सरळ खाली मुरतं, आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहतं. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस मीटर असतं, दोघांच्या घनतेतल्या फरकाचा हा हिशोब. किनाऱ्याजवळ खोलगट जागी हे पाणी डबक्यात वर येतं, मचूळ असतं पण चालवून घ्यायचे. ही डबकी समुद्राला वरून कुठेही जोडलेली नाहीत तरी भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतात. त्यात ओपाए उला नावाची सेंटीमीटरभर लाल कोळंबी राहते, ती दगडातल्या भेगांमधून आत-बाहेर करते आणि पाळलेली तर वीस वर्षंसुद्धा जगते. एवढीशी कोळंबी!

जाणार असाल तर जाड तळाचे बूट घाला, कारण वाटेवर किआवेची झाडं आहेत, ती आपल्या वेड्या बाभळीची चुलत बहीण, १८२८ मध्ये हवाईत आणलेली, आणि तिचा काटा साध्या चपलेतून आरपार जातो. सकाळी लवकर निघा, पाणी भरपूर घ्या. आहिही-किनाऊ हे राखीव क्षेत्र १९७३ पासून संरक्षित आहे आणि त्याचा बराच भाग बंद असतो, पाट्या वाचा. आणि फोटोसाठी दगडावर दगड रचायची जी फॅशन आली आहे ती इथे नको, कारण तुम्ही उचललेला दगड होआपिलीच्या कैद्याने बसवलेला कडेचा दगड असू शकतो, आणि एकदा हलवला की तो कुठल्या काळातला हे सांगायचं दुसरं काही साधन शिल्लक राहत नाही.