मंकीपॉक्स : चाचणी व लसीकरण

देवीच्या विषाणूशी नाते असलेल्या ऑर्थोपॉक्स गटातील विषाणूमुळे होणारा रोग. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला ‘एमपॉक्स’ हे नाव दिले. निदान फोडावरील नमुन्याच्या पीसीआरने (विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या चाचणीने) होते. रक्तातील प्रतिपिंडे (अँटिबॉडी) शोधणाऱ्या चाचणीचा येथे फारसा उपयोग नाही. देवीची लस घेतलेल्यांतही ती पॉझिटिव्ह येऊ शकते.

चाचणी फसते ती बहुधा नमुना घेतानाच. स्वॅब पॉलिस्टर किंवा नायलॉनचा असावा, कापसाचा नको. तो फोडावर जोर देऊन घासावा. नुसता टेकवला तर पुरेसा विषाणू मिळत नाही. शरीराच्या वेगवेगळ्या भागांवरील दोन-तीन फोड निवडावेत. फोड सुईने फोडू नये: त्याची गरज नसते, आणि सुई टोचून आरोग्यकर्मींना लागण झाल्याची उदाहरणे आहेत. गाऊन, हातमोजे, चष्मा व एन-९५ मुखपट्टी वापरावी. नमुना तासाभरात २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावा. सात दिवसांहून अधिक ठेवायचा असल्यास उणे २० अंशांना.

फोड नसताना घशाचा स्वॅब घेता येतो, पण तो निगेटिव्ह आला म्हणून रोग नाही असे म्हणता येत नाही. रुग्णाच्या संपर्कात आलेल्या अशा व्यक्तींवर २१ दिवस लक्ष ठेवावे. क्लेड म्हणजे विषाणूची शाखा; क्लेड १बी या उपशाखेत क्लेड १ ओळखणाऱ्या काही चाचण्या जे जनुक शोधतात तेच गळालेले असते, त्यामुळे त्या चुकीने निगेटिव्ह येऊ शकतात. म्हणून आधी व्यापक ऑर्थोपॉक्स चाचणी हवी. उलट, चाचणी चुकीने पॉझिटिव्हही येऊ शकते: संपर्काचा इतिहास नसलेल्या व्यक्तीत पीसीआरचे सीटी मूल्य (विषाणू दिसेपर्यंत लागलेल्या आवर्तनांची संख्या; ती जितकी जास्त तितका विषाणू कमी) खूप जास्त असेल, तर नवा नमुना घेऊन खात्री करावी. कांजिण्या, नागीण व सिफिलिस यांचाही विचार करावा. ते सोबत असू शकतात.

एमव्हीए-बीएन या एमपॉक्सविरोधी लशीतील विषाणू माणसाच्या शरीरात वाढत नाही, त्यामुळे एचआयव्हीबाधितांनाही ती देता येते. मात्रा ०.५ मिलि, त्वचेखाली, २८ दिवसांच्या अंतराने दोनदा. दुसरी लांबली तर पहिलीपासून सुरुवात करायची नाही. साठा कमी असताना ०.१ मिलि त्वचेच्या थरातच देतात. तेथे ६ ते १० मिलिमीटरचा फुगवटा दिसावा. सुई खोल जाऊन एवढीच लस त्वचेखाली गेली, तर मात्रा अपुरी ठरते व पुन्हा द्यावी लागते.

संपर्कानंतर चार दिवसांत दिलेली लस रोग टाळू शकते; चौदाव्या दिवसापर्यंत दिल्यास तीव्रता कमी होण्याची आशा असते. लक्षणे सुरू झाल्यावर मात्र ती उपचार म्हणून देत नाहीत. वितळलेली लस पुन्हा गोठवू नये.

एसीएएम२००० या दुसऱ्या लशीतील विषाणू मात्र शरीरात वाढतो. ती दुहेरी टोकाच्या सुईने टोचतात. टोचल्याजागी फोड येतो आणि खपली पडेपर्यंत त्यातून इतरांना लागण होऊ शकते, म्हणून जागा झाकून ठेवावी लागते.