मोठ्या सागरी माशांसाठी गळाची निवड

मार्लिन, ट्यूना, तलवार मासा, शार्क यांसारख्या मोठ्या माशांना रॉड आणि रिळावर पकडताना आमिष, दोरी आणि मासेमारीची पद्धत पाहून योग्य गळ ठरवणे. १९५३ मध्ये पेरूतील काबो ब्लांकोजवळ गळाला लागलेला काळा मार्लिन सुमारे ७०७ किलोंचा होता. अशा माशाची सारी ओढ अखेर बोटभर पोलादावर येते.

नवखा माणूस माशाकडे पाहून गळ निवडतो आणि तिथेच चुकतो. आधी पाहायचे ते आमिष. गळ आमिषात खोवल्यावर टोक आणि दांडा यांमधली फट मोकळी राहिली पाहिजे. ती मांसाने बुजली तर टोक जबड्यात रुततच नाही. जिवंत आमिषाला जड गळ लावला की ते लवकर दमते. मग दोरीचा हिशेब. जाड तारेचा गळ रुतवायला जोर लागतो आणि हलकी दोरी तेवढा ताण सोसत नाही. उलट ६० किलो वर्गाच्या, म्हणजे साधारण तेवढ्या ताणाला तुटणाऱ्या दोरीवर ड्रॅग (रिळाचा ब्रेक) आवळला तर बारीक गळ सरळ होतो. सरळ झालेला गळ हाती आला की मासा केवढा होता याच्या गोष्टी रंगतात. बहुधा तारच बारीक असते.

क्रमांकांवर फार विसंबू नये. साध्या क्रमांकांत आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, तर १/०, २/० या मालिकेत मोठा. मोठ्या माशांसाठी साधारणपणे ७/० ते १२/० वापरतात. पण सर्व उत्पादकांचे माप एक नसल्याने गळ प्रत्यक्ष पाहूनच घ्यावा.

इंग्रजी J अक्षराच्या आकाराच्या गळाचे टोक दांड्याला जवळपास समांतर असते. चालत्या बोटीमागे ओढायच्या कृत्रिम आमिषाला तो सोयीचा. सर्कल गळाचे टोक आत, दांड्याकडे काटकोनात वळलेले असते. आमिष गिळून मासा वळला की हा गळ घशातून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. इथे हिसका देणे म्हणजे माशाच्या तोंडातून गळ आपणच काढून घेणे. दोरी हळूहळू ताणू द्यावी लागते, आणि जुन्या हाताला हेच जड जाते. टोक एका बाजूला कललेले असेल तर सर्कल गळही खोल रुतण्याचा धोका वाढतो. म्हणून अमेरिकेत अटलांटिकमधील बिलफिश (मार्लिनसारखे लांब चोचीचे मासे) पकडण्याच्या स्पर्धांत नैसर्गिक आमिषासाठी २००८ पासून न कललेला सर्कल गळच सक्तीचा आहे.

स्टेनलेस पोलाद सहजी गंजत नाही, त्यामुळे दोरी तुटून मासा निसटला तर गळ त्याच्या तोंडात दीर्घकाळ राहू शकतो. कार्बन पोलादाचा गळ गंजतो, आणि मासा सोडून देणाऱ्यांच्या दृष्टीने हाच त्याचा गुण. जड दोरीसाठी नेढ्याचा सांधा पक्का जोडलेला हवा, नाहीतर दोरी फटीत घासते. नवा गळही अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहावा; टोक घसरले तर कानस फिरवावी.

विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आयजीएफए (इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन) या १९३९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या नियमांनुसार नैसर्गिक आमिषावर जास्तीत जास्त दोन एकेरी गळ चालतात. त्यांच्या नेढ्यांमधील अंतर किमान एका गळाच्या लांबीइतके आणि कमाल सुमारे ४५ सेंमी असावे लागते. त्रिशूळासारखा तीन टोकांचा गळ अशा आमिषावर वर्ज्य आहे. त्यावर पकडलेला मासा कितीही मोठा असला तरी विक्रमात धरला जात नाही.