अफरवटवर उतरण्याआधी आम्ही खड्डा का खणतो
गुलमर्गच्या डिसेंबर-जानेवारीच्या स्की-तुकड्यांसाठी माहितीपत्रक

बुकिंग करताना जो तो एकच विचारतो, "बर्फ पुरेसा असेल ना?" प्रश्न रास्त आहे. पण बर्फ कमी म्हणजे हिमस्खलनाचा धोकाही कमी, असं बहुतेकांनी मनात धरलेलं असतं आणि गफलत तिथेच होते. म्हणून हे पत्रक. निदान विमानात बसल्यावर तरी वाचा.

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीला सोडतो, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्या वर. गोंडोलाच्या लगतच्या उतारांवर स्की पेट्रोलचं, म्हणजे सुरक्षा पथकाचं, लक्ष असतं. हद्दीची दोरी ओलांडली की पुढे बॅककंट्री, म्हणजे देखरेख नसलेला मोकळा डोंगर. तिथे आपला निर्णय आपणच घ्यायचा.

आता हंगामाच्या सुरुवातीचा बर्फ. २१ डिसेंबरला चिल्लई कलान लागतो, चाळीस दिवसांची कडक थंडी. समजा, आधी पडलेला अर्धा मीटर बर्फ उतारावर आहे. जमिनीत अजून ऊब असल्याने तळाचं तापमान शून्याच्या आसपास. रात्री आभाळ स्वच्छ आणि वरचा पापुद्रा उणे १५ अंशांवर. म्हणजे दर १० सेंटिमीटरला ३ अंशांचा फरक. हा फरक १ अंशाच्या वर गेला की तळाची वाफ वर सरकू लागते, बर्फाचे कण एकमेकांची साथ सोडतात आणि त्यांचे टोकदार, कोरडे दाणे होतात. तोच थर दोन मीटर जाड असता तर फरक पाऊण अंशावर आला असता आणि कण एकमेकांना धरून राहिले असते. पातळ बर्फ वाईट तो असा.

हा दाणेदार बर्फ हातात घेतला तर कोरड्या साबुदाण्यासारखा लागतो. मूठ कितीही आवळा, लाडू वळला जात नाही. मग एखादं वादळ येऊन त्यावर नवा बर्फ टाकतं, वारा तो दाबून घट्ट करतो. साबुदाण्याच्या राशीवर फरशी ठेवल्यासारखं होतं ते. उतार ३० ते ४५ अंशांचा असला तर फरशी सुटून हिमस्खलन व्हायला एका माणसाचं वजन पुरतं. त्यातही खडकांच्या आसपास, जिथे थर सर्वांत पातळ असतो, तिथून ती सुटण्याची शक्यता जास्त.

म्हणून खड्डा. ज्या उतारावर जायचं, त्याच दिशेला तोंड असलेली आणि तेवढ्याच उंचीची, पण सुरक्षित जागा गाइड निवडतो आणि जमिनीपर्यंत खणतो. भिंत साफ केली की बोटाने थर चाचपतो: कुठे मूठ आत जाते, कुठे एकच बोट, कुठे पेन्सिल. मग ३० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांब असा बर्फाचा खांब मोकळा कापतो. त्याच्या एका टोकाला फावड्याचं पातं ठेवून वर हाताने थापा: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. चीर पडली आणि त्याच थापेला किंवा पुढच्या थापेला खांबाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पळाली, तर त्या दिवशी तो उतार बंद. यावर घासाघीस नाही.

उलट मात्र खरं नाही. चीर पळाली नाही, म्हणजे उतार सुरक्षित असा अर्थ कोणी काढू नये; दहा मीटरवरचा बर्फ वेगळा असू शकतो. खड्डा 'नको' सांगू शकतो, 'बिनधास्त जा' सांगू शकत नाही. चालताना पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज आला, स्कीच्या टोकापासून तडे पळाले किंवा समोरच्या उतारावर ताजं हिमस्खलन दिसलं, तर खड्डा खणायचीही गरज नाही. मागे फिरायचं. चंडीगडच्या डीजीआरई या संरक्षण संस्थेचा हिमस्खलन इशारा आम्ही रोज सकाळी बघतो, पण तो मोठ्या प्रदेशाचा असतो. एका घळीचं उत्तर त्यात मिळत नाही.

गेल्या वर्षी एका तुकडीतले काका चिडले होते: "एवढे पैसे भरले आणि तुम्ही भोकं पाडत बसलात!" राग समजू शकतो. पण ८ फेब्रुवारी २०१० रोजी याच भागात लष्कराच्या प्रशिक्षण तुकडीवर हिमस्खलन कोसळलं आणि १७ जवान गेले. तेही डोंगरात मुरलेल्यांच्या हाताखाली शिकत होते.

उतार बंद ठरला, तर आम्ही ३० अंशांपेक्षा कमी चढाच्या झाडीत नेतो. तिथेही वर तीव्र उतार नाही ना, हे बघूनच. गाइडचे पैसे परत मिळत नाहीत, तो दिवसभर तुमच्याबरोबरच असतो. न काढलेल्या गोंडोला तिकिटाचे मिळतात.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवंच, आमच्याकडे भाड्याने मिळतं. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची आशा असते, आणि तेवढ्या वेळात सोबतचेच पोहोचू शकतात. ट्रान्सीव्हर अंगावर असताना मोबाइल त्याच्यापासून किमान २० सेंटिमीटर लांब. शोध सुरू झाला की बंदच.

आणि हातमोज्यांचे दोन जोड आणा. खड्डा खणताना फावडं तुमच्याही हातात देतो, पहिला जोड तिथेच भिजतो.