स्कॅडबरी मॅनर

लंडनच्या आग्नेयेला चिझलहर्स्टच्या झाडीत स्कॅडबरी मॅनरचे अवशेष आहेत. हा भाग पूर्वी केंट परगण्यात होता, आता लंडनच्या ब्रॉम्ली बरोत (म्हणजे प्रशासकीय विभागात) येतो. मॅनर म्हणजे गावच्या जमीनदाराचा वाडा, आपल्याकडची गढी म्हणा हवं तर, फक्त हा वाडा टेकाडावर नाही तर पाण्याच्या मधोमध, चारी बाजूंनी खंदक खणला की मध्ये जे बेट उरतं त्यावर बांधलेला. इंग्लंडमध्ये असे वाडे साधारण १२५० ते १३५० या शंभर वर्षांत सगळ्यात जास्त झाले आणि आजवर अशा सहा हजारांच्या आसपास जागा सापडल्यात. खंदक म्हटलं की लोकांना लढाईच आठवते, पण खऱ्या सैन्यापुढे हे काय टिकणार, चोर आणि मोकाट गुरं बाहेर राहायची, मासे पाळता यायचे, जमिनीतलं पाणी निचरून जायचं, आणि मुख्य म्हणजे त्यात रुबाब होता.

इथं तेराव्या शतकात स्कॅदबरी घराणं होतं, मग १४२४ मध्ये लंडनचा व्यापारी थॉमस वॉल्सिंगहॅम याने ही इस्टेट घेतली आणि पुढं दोनशेहून जास्त वर्षं ती त्याच्याच घराण्यात राहिली. एलिझाबेथ राणीचा हेरप्रमुख फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम याच कुळातला. पण मला जास्त ओढ वाटते ती नाटककार ख्रिस्तोफर मार्लोमुळे, कारण मे १५९३ मध्ये त्याला पकडायचा हुकूम निघाला त्यात केंटमधल्या थॉमस वॉल्सिंगहॅमच्या घरी जा असं लिहिलंय (हा थॉमस अर्थात नंतरच्या पिढीतला), म्हणजे बहुधा हेच घर, आणि ३० मेला मार्लो लंडनजवळच्या डेप्टफर्डमध्ये सुरीच्या वाराने मेलासुद्धा.

१७३८ च्या सुमारास वाडा पाडला. विसाव्या शतकात त्यावेळच्या मालकांनी बेट खणून पाये उघडे केले आणि पडक्या भिंती थोड्या वर उचलल्या, त्यामुळे आज दिसणारी प्रत्येक वीट जुनी नाही हे डोक्यात ठेवूनच बघावं. नंतर १९८० च्या दशकापासून ऑर्पिंग्टनच्या स्थानिक पुरातत्त्व सोसायटीचे स्वयंसेवक चिकाटीने इथं उत्खनन करत आलेत, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच.

मला विचाराल तर इथली सगळ्यात अस्सल गोष्ट खंदकच आहे. घर गेलं की विटा लाकडं लोक उचलून नेतात, पण एवढा मोठा खड्डा कोण कशाला बुजवेल, म्हणून घर नाहीसं झालं तरी त्याची चौकट जमिनीवर राहते. कडेची झाडं पाण्यावर ओणवलेली असतात, कुजलेल्या पानांनी तळ काळा झालेला असतो. बेटावर एरवी सोडत नाहीत, बाहेरच्या वाटेवरूनच बघावं लागतं, तेव्हा जायचं तर पानगळ झाल्यावर जा, उन्हाळ्यात झाडीपुढे भिंतीसुद्धा नीट दिसत नाहीत.